टाका कुठे घालू नये

३० जानेवारी १९५७. अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात, मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात तीन वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातला जन्मजात दोष शस्त्रक्रियेने दुरुस्त झाला. टाके नीट बसले होते, रक्त कुठे झिरपत नव्हते. तरी हृदय मंदावत गेले. वरचे दोन कप्पे पूर्वीच्याच वेगाने आकुंचन पावत होते, पण त्यांचा इशारा खाली पोहोचत नव्हता. खालचे कप्पे आपल्याच संथ गतीने, जणू वरच्यांशी काही देणेघेणे नसल्यासारखे चालले होते. सर्जन वॉल्टन लिलेहाय यांनी हृदयाच्या स्नायूत एक बारीक तार टोचून ती छातीबाहेर काढली आणि शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेतून आणलेल्या एका विद्युत्-यंत्राला जोडली. बेडकांच्या मज्जातंतूंना झटके देण्यासाठी वापरायचे ते यंत्र होते. ठोके वाढले. मुलगी वाचली.

त्या दिवशी आमच्या बाजूचे मंठाळ गाव नव्या राज्यात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि बसवकल्याण तालुक्यातली आमची मराठी गावे सीमेच्या अलीकडे राहिली. हृदयाचे ऑपरेशन ही गोष्ट तेव्हा इथे कोणाच्या बोलण्यातही नव्हती. पण पुढे आपल्या भागातल्या कितीतरी माणसांच्या छातीत पेसमेकर नावाचे जे यंत्र बसले त्याचा उगम त्या जानेवारीत आहे, आणि त्याही आधीच्या शंभर वर्षांतल्या काही जखमांत आहे.

जखमांत म्हणण्याला कारण आहे. हृदयातली विजेची वाट कोणी शोधायला गेला आणि सरळ सापडली, असे झालेले नाही. बहुतेक वेळा कोणीतरी ती तोडली, मुद्दाम किंवा नकळत, आणि मग ती कुठून जाते हे कळले.

१८५२ साली जर्मनीत हेर्मान स्टॅनियस याने बेडकाच्या हृदयावर दोऱ्याची गाठ मारली. ज्या भागातून ठोका सुरू होतो तो आणि बाकीचे हृदय यांच्यामध्ये ती गाठ पडली तेव्हा वरचा भाग चालत राहिला आणि खालचा थांबला. इंग्लंडमध्ये १८८० च्या दशकात वॉल्टर गॅस्केलने कासवाच्या हृदयाला वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मध्ये चिमटा लावला आणि तो हळूहळू आवळला. आधी वरच्या दोन ठोक्यांना खालचा एक पडू लागला, आणखी आवळल्यावर नाते पूर्ण तुटले. डॉक्टर आज ईसीजी पाहून ‘ब्लॉक आहे’ म्हणतात तो शब्द गॅस्केलच्या त्या चिमट्यातून आला आहे. (आपल्याकडे ‘ब्लॉक’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे रक्तवाहिनीतली चरबी येते. तो ब्लॉक वेगळा, हा वेगळा. एकाला स्टेंट लागतो, दुसऱ्याला पेसमेकर. दवाखान्याच्या बाकावर बसलेले नातेवाईक या एका शब्दावरून तासन् तास गोंधळलेले असतात.)

१८९३ मध्ये विल्हेल्म हिस याने वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा स्नायूंचा एक बारीक जुडगा दाखवला. १९०६ मध्ये जपानहून जर्मनीतल्या मारबुर्ग येथे शिकायला आलेल्या सुनाओ तवारा याने हृदयांच्या पातळ चकत्या एकामागून एक सूक्ष्मदर्शकाखाली लावून ती सगळी वाट रेखाटली: मधल्या पडद्यातली गाठ, तिच्यातून निघणारा जुडगा, त्याच्या डाव्या-उजव्या फांद्या आणि शेवटी आतल्या भिंतीवर पसरलेले जाळे. ते जाळे पुर्किन्ये याने १८३९ मध्येच पाहिले होते, फक्त ते कशासाठी आहे हे कळले नव्हते. तवाराच्या पुढच्याच वर्षी कीथ आणि फ्लॅक यांनी ठोका जिथून निघतो ती वरची गाठ शोधली. म्हणजे १९०७ साली नकाशा पूर्ण होता.

आणि तरी पन्नास वर्षांनी सर्जनची सुई त्याच वाटेवर पडत होती.

याचे कारण निष्काळजीपणा नव्हते. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः छिद्र असले तर हिसचा जुडगा नेमका त्या छिद्राच्या मागच्या-खालच्या कडेने जातो. लहान मुलाच्या हृदयात तो दोऱ्याएवढा. रंग आजूबाजूच्या मांसासारखाच, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. आणि छिद्र बुजवायचे तर टाका घालायला मजबूत कड हवी, ती मजबूत कड तीच. तवाराचा नकाशा नेहमीच्या घडणीच्या हृदयाचा होता. व्यंग असलेल्या हृदयात वाट थोडी सरकलेली असते, हे शिकागोच्या मॉरिस लेव्ह यांच्यासारख्यांनी अशा मुलांच्या हृदयांचे बारकाईने छेद घेऊन दाखवले. ती हृदये मेलेल्या मुलांची होती, हे सांगायला नको. लिलेहाय यांनी पहिले छिद्र बुजवले मार्च १९५४ मध्ये. त्यानंतरच्या जानेवारी १९५७ पर्यंतच्या काळात ज्या मुलांची ही वाट टाक्याखाली सापडली त्यांच्या बाबतीत औषधांखेरीज हातात फारसे काही नव्हते. टाका कुठे घालू नये हे शस्त्रक्रियेच्या पुस्तकात आज एका परिच्छेदात लिहिलेले असते. तो परिच्छेद फार महाग पडलेला आहे.

जखम झाल्यावर हृदय स्वतः काय करते? दोन गोष्टी. पहिली म्हणजे राखीव फळी पुढे येते. वरची गाठ मिनिटाला साठ ते शंभर वेळा इशारा देते. ती गप्प झाली किंवा तिचा इशारा वाटेत अडला तर मधला भाग चाळीस ते साठच्या गतीने काम हाती घेतो. तोही तुटला तर खालच्या कप्प्यांतल्या पेशी वीस ते चाळीसच्या गतीने स्वतः सुरू होतात. पण ही शेवटची फळी बेभरवशाची. मध्येच ती थांबते आणि माणूस उभ्याचा कोसळतो. शेतात, मोटेवर, लग्नाच्या पंगतीत असे अचानक पडून मिनिटाभरात पुन्हा उठून बसणारे म्हातारे आपण पाहिलेले आहेत. फिट आली, चक्कर आली, अंगात आले, अशी नावे दिली जायची. त्यांपैकी कितीजणांची नाडी त्या क्षणी कोणी हातात धरली असेल?

दुसरी गोष्ट सूज आणि व्रण. वाट दबली असेल, सुजली असेल, तर सूज उतरल्यावर ती पुन्हा चालू होते. कापलीच गेली असेल तर पुन्हा उगवत नाही, तिथे व्रण भरतो, आणि व्रणातून वीज जात नाही. पहिल्या दिवशी या दोहोंतला फरक ओळखणे अवघड. म्हणून शस्त्रक्रियेनंतर ब्लॉक झालेल्या मुलाला आजही लगेच कायमचा पेसमेकर बसवत नाहीत, साधारण आठवडाभर किंवा थोडे अधिक तात्पुरत्या तारेवर ठेवतात आणि वाट पाहतात. सोलापूरला किंवा हैदराबादला बायपास करून आलेल्या माणसाला भेटायला गेलेल्यांनी या तारा पाहिल्याही असतील. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागावर कातडीतून निघालेल्या केसासारख्या दोन तारा, चिकटपट्टीने अंगाला चिकटवलेल्या, टोकाला एक छोटी डबी जोडलेली किंवा नुसत्याच गुंडाळून ठेवलेल्या. सगळे ठीक असले तर काही दिवसांनी परिचारिका किंवा निवासी डॉक्टर त्या हलकेच ओढून काढतात. १९५७ च्या त्या मुलीच्या तारेच्याच या वंशज.

तिची तार मात्र भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या यंत्राला जोडलेली होती. ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी मिनियापोलिस परिसरात काही तास वीज गेली आणि या व्यवस्थेतली खोट उघडी पडली. लिलेहाय यांनी रुग्णालयाची उपकरणे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बॅकन या तेहतीस वर्षांच्या माणसाला बॅटरीवर चालणारे काही करता येईल का विचारले. बॅकनची मेडट्रॉनिक ही कंपनी तेव्हा गॅरेजमध्ये होती. संगीताचा ठेका देणाऱ्या मेट्रोनोमचा ट्रान्झिस्टरवरचा आराखडा त्याने एका मासिकात पाहिला होता. तोच बदलून चार आठवड्यांत हातात मावेल अशी डबी तयार केली. कुत्र्यावर चाचणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी रुग्णालयात येऊन पाहतो तर डबी एका मुलाला लावलेली. आजच्या नियमांत हे बसणार नाही. तेव्हा बसले, आणि बरे झाले.

८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट यांनी संपूर्ण यंत्र शरीराच्या आत बसवले. रुग्ण आर्ने लार्सन, त्रेचाळीस वर्षांचा. एका संसर्गात त्याच्या हृदयाची वाट जळाली होती आणि तो दिवसातून अनेकदा बेशुद्ध पडायचा. पहिले यंत्र काही तासच टिकले. आयुष्यभरात एकूण सव्वीस यंत्रे वापरून हा माणूस २००१ पर्यंत जगला आणि शल्यविशारद व अभियंता दोघांच्याही मागे राहिला.

आता मुंबईला येऊ. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा विभाग साठच्या दशकात असे प्रयोग करत होता की आज वाचतानाही भुवया उंचावतात. त्यांपैकी एक सुईचा. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाला आपल्यासारख्या रक्तवाहिन्यांचे पूर्ण जाळे नसते. स्नायूचा बराच भाग कप्प्यातल्या रक्तावरच पोसला जातो, भिंतीतल्या पोकळ्यांतून. सेन यांचा प्रश्न असा, की माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली असेल तर सुईने स्नायूला आरपार छिद्रे पाडून कप्प्यातले रक्त थेट स्नायूत का नेऊ नये? कुत्र्यांवर हे करून पाहिले गेले. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधावर सेन यांच्याबरोबर तेहेमतन उदवाडिया, एस. जी. किणारे आणि जी. बी. परुळकर यांची नावे आहेत. परुळकर पुढे मुंबईच्या हृदयशस्त्रक्रियेतले मोठे नाव झाले. उदवाडियांनी पुढे दुर्बिणीतून पोटाची शस्त्रक्रिया भारतात आणली. किणारे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे छिद्रांचे पुढे काय झाले हे सूक्ष्मदर्शकाखाली बघणारी बाजू.

आणि छिद्रांचे पुढे जे होते ते झाले. हृदय सुईची जखम पोकळी म्हणून ठेवत नाही, ती भरून काढते. नंतरच्या काळात लेसरने असेच मार्ग पाडण्याची पद्धत अमेरिकेत आली, १९९८ मध्ये तिला मान्यताही मिळाली, तेव्हाही संशोधकांना दिसले की बहुतेक मार्ग बुजतात. रुग्णांचे दुखणे कमी व्हायचे ते कदाचित वेदना नेणारे तंतू जळाल्यामुळे. सेन यांची कल्पना म्हणून फसली असे मी म्हणणार नाही. जखम झालेला स्नायू स्वतःची दुरुस्ती कशी करतो, ही गोष्ट परळमध्ये इतक्या लवकर कोणी हातात सुई घेऊन विचारली, हेच मोठे.

१६ फेब्रुवारी १९६८ च्या रात्री याच केईएममध्ये सेन यांच्या पथकाने हृदयारोपण केले. डिसेंबर १९६७ मध्ये केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिले केले होते (तेही लिलेहाय यांच्याच मिनियापोलिसमध्ये तयार झालेले). मुंबईचे जगातले सहावे. रुग्ण शेतकरी तरुण होता. काही तासांत तो गेला. नवे हृदय चालले, पण फुप्फुसांतला रक्तदाब इतका चढलेला होता की त्यापुढे ते टिकले नाही. वृत्तपत्रांनी ते यशापयशाच्या हिशेबात मांडले.

विजेच्या वाटेच्या दृष्टीने मात्र हृदयारोपण ही सर्वांत विलक्षण जखम आहे. त्या काळच्या पद्धतीत रुग्णाच्या जुन्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांची मागची भिंत तशीच ठेवत आणि तिला नवे हृदय शिवत. जुन्या भिंतीत जुनी गाठ शाबूत. ती इशारे देतच राहते. पण टाक्यांच्या रेघेवर व्रण भरतो आणि तिचा इशारा पलीकडे जात नाही. नव्या हृदयाची गाठ वेगळ्याच गतीने चालते, आणि मेंदूकडून येणारे तंतू कापलेले असल्यामुळे ती विश्रांतीतही नव्वद-शंभरच्या आसपास धावते. अशा माणसाच्या ईसीजीच्या पट्टीवर वरच्या कप्प्यांच्या लाटा दोन प्रकारच्या दिसतात, एकमेकींशी काही संबंध नसलेल्या. एक गेलेल्या दात्याच्या हृदयाची, एक रुग्णाच्या स्वतःच्या. जीव चालतो तो दात्याच्या हृदयाच्या इशाऱ्यावर.

हे सगळे दुर्मिळ. आपल्याकडची रोजची जखम म्हणजे हार्ट अटॅक, आणि तिच्यात विजेचा घात तीन वेळा होतो.

पहिला लगेच. रक्त तुटले की पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते, त्या अर्धवट विद्युत्-भारित अवस्थेत अडकतात, आणि जिवंत भाग व गुदमरलेला भाग यांच्यात प्रवाह वाहू लागतो. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरोल्ड पार्डी यांनी या वेळी ईसीजीची रेघ वर उचललेली असते हे दाखवले. आजही तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर पट्टी हातात घेऊन तेच उचललेले टेकाड शोधत असतो. पहिल्या काही तासांतले बहुतेक मृत्यू हृदय कमजोर झाल्याने नाही, तर विजेचा गोंधळ उडून ते नुसते थरथरत राहिल्याने होतात.

दुसरा घात वाटेवरचा. मधल्या गाठीला रक्त पुरवणारी वाहिनी बहुतेकांत उजवीकडची असते. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक आला तर गाठ सुजते, ब्लॉक होतो, पण तो बहुधा काही दिवसांत उतरतो. पुढच्या बाजूच्या मोठ्या अटॅकमध्ये मात्र पडद्याबरोबर फांद्याच मरतात. तो ब्लॉक वाईट.

तिसरा घात महिन्यांनी, कधी वर्षांनी येतो, रुग्ण बरा झाला असे सगळ्यांनी धरल्यावर. व्रण भरतो, पण सलग नाही. त्यात जिवंत स्नायूचे बारीक पट्टे उरतात आणि त्यांतून वीज अतिशय हळू सरकते. इतकी हळू, की ती पलीकडे बाहेर पडेपर्यंत बाजूचे हृदय पुन्हा पेटायला मोकळे झालेले असते. मग ती घाण्याच्या बैलासारखी व्रणाभोवती गोल फिरत राहते आणि हृदय दीडशे-दोनशेच्या वेगाने धावते. हे वर्तुळ १९१३ मध्ये जॉर्ज राल्फ माइन्स या तरुण शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या हृदयाच्या वळ्यांवर दाखवून दिले होते. १९१४ मध्ये मॉन्ट्रियलच्या प्रयोगशाळेत तो उपकरणे अंगाला जोडलेल्या स्थितीत सापडला आणि त्याच दिवशी गेला. वय अठ्ठावीस. स्वतःवरच प्रयोग करत असावा असे मानले जाते.

या तिसऱ्या घातावरचा उपाय शोधताना वैद्यकाने एक मोठी ठेच खाल्ली, आणि ती मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अटॅकनंतर जादा ठोके पडणारे लोक जास्त मरतात, हे माहीत होते. मग ते ठोके औषधाने दाबले की लोक वाचतील, हे उघडच वाटत होते. जगभर डॉक्टर ती औषधे लिहून देत होते. अमेरिकेत एका मोठ्या चाचणीत एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे अर्ध्या रुग्णांना दिली, अर्ध्यांना नुसत्या बनावट गोळ्या. १९८९ मध्ये चाचणीचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. बनावट गोळ्या घेणाऱ्यांत २६ मृत्यू होते, औषध घेणाऱ्यांत ६३. ठोके दबले होते, माणसे मेली होती. व्रण असलेल्या हृदयात वीज आणखी हळू केली की वर्तुळ उलट पक्के होते.

मग दोन रस्ते उरले. एक म्हणजे मिशेल मिरोव्स्की यांचे यंत्र, ४ फेब्रुवारी १९८० रोजी बाल्टिमोरला पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसवलेले. ते हृदयाचा गोंधळ ओळखते आणि आतूनच झटका देते. दुसरा म्हणजे मांडीतल्या रक्तवाहिनीतून तार आत नेऊन वर्तुळाचा तो अरुंद पट्टाच जाळून टाकायचा. सॅन फ्रान्सिस्कोत मेल्विन शाइनमन यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मधल्या गाठीजवळची वाट विजेच्या झटक्याने जाळून या पद्धतीची सुरुवात केली, पुढे रेडिओलहरींची सौम्य उष्णता आली. स्टॅनियसने दोरा बांधला त्याला सव्वाशे वर्षे उलटून गेल्यावर डॉक्टर पुन्हा हृदयाला मुद्दाम जखम करू लागले, या वेळी बरे करण्यासाठी.

मिरोव्स्कींच्या यंत्राची किंमत लाखांत. म्हणून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात जे घडले ते आपल्या भागातल्या लोकांनी ऐकावे असे आहे. अमेरिकेत मृत्यूनंतर किंवा बदलताना काढलेली, बॅटरी शिल्लक असलेली यंत्रे तिकडच्या काही डॉक्टरांनी जमवली. तिकडच्या नियमाने ती पुन्हा वापरता येत नव्हती, कचऱ्यात जाणार होती. ती मुंबईला आली, निर्जंतुक झाली, आणि डॉ. यश लोखंडवाला व सहकाऱ्यांनी ज्यांना यंत्र परवडणारच नव्हते अशा रुग्णांना बसवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात ८१ रुग्ण आणि १०६ यंत्रे आहेत. यंत्रामुळे जंतुसंसर्ग एकालाही नाही. आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत ते यंत्र योग्य वेळी कामाला आले, म्हणजे हृदयाचा जीवघेणा गोंधळ त्याने खरोखर थांबवला. वापरलेले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

आपल्या बाजूला बदल झाला तो गेल्या दहा वर्षांत. बेंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा कलबुर्गीला आली आणि २२ डिसेंबर २०२४ रोजी तिच्या ३७१ खाटांच्या स्वतंत्र इमारतीचे उद्घाटन झाले. कर्नाटक सरकारची पुनीत राजकुमार यांच्या नावाची हृदयज्योती योजना तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांतून ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवण्याची आणि रक्ताची गाठ विरघळवणारे महागडे इंजेक्शन मोफत देण्याची आहे. आमच्याकडची माणसे छातीत दुखले की अजूनही आधी सोडा पितात, मग गाडी ठरवून सोलापूरची नाहीतर हैदराबादची वाट धरतात. सीमाभागातल्या माणसाला दोन्ही राज्ये आपली आणि दोन्ही लांबची, हे खरे. पण पहिल्या घाताची वेळ त्या गाडीतच जाते. आधी जवळच्या दवाखान्यात पट्टी काढा, पुढचा प्रवास डॉक्टर सांगेल तसा.

आणखी एक. ती पट्टी घरी आल्यावर फेकू नका. आजचा ब्लॉक किंवा आजचा व्रण नवा की जुना, हे तुमची जुनी पट्टी पाहिल्यावर डॉक्टरला कळते, आणि त्यावर उपचार ठरतो. बहुतेक ईसीजी थर्मल कागदावर निघतात आणि तो कागद काही वर्षांत पांढरा पडतो. पट्टीची झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी तो कुठे आहे हे सांगून ठेवा.